ट्रक नंबर कधी येतो, कधी नाही: पॉलिमॉर्फिक असोसिएशनचा परत परत येणारा घोळ

हा प्रॉब्लेम थोड्या थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी घेऊन येतंच, कधी हायबरनेटवाला (डेटाबेसच्या ओळी जावाच्या ऑब्जेक्टांत आणून देणारं साधन), कधी लारावेलवाला (पीएचपीचं फ्रेमवर्क), आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्याकडेच काहीतरी जगावेगळं झालंय. तर एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतो, पुढच्याला लिंक दिली की काम झालं.

उदाहरणाला आपल्या इंदुरातलंच घेऊ. सियागंजातल्या किराणा होलसेलवाल्याचं हिशोबाचं सॉफ्टवेअर. पैसे आले किंवा गेले की एक व्हाउचर फाटतं. पण ते पैसे कशापोटी? गिऱ्हाइकाच्या विक्रीबिलापोटी असतील, ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचं (म्हणजे माल ट्रकवर चढवल्याच्या पावतीचं) भाडं असेल, नाहीतर हम्मालीची चिठ्ठी. म्हणजे व्हाउचर एकच, पण त्याचं दुसरं टोक तीन वेगवेगळ्या क्लासांपैकी कुठेही जाऊ शकतं. यालाच पॉलिमॉर्फिक असोसिएशन म्हणतात, बाकी त्यात काही गूढ नाहीये. जावात लिहायला तर फारच सोपं, कागद नावाचा एक बेस क्लास, त्याखाली विक्रीबिल, बिल्टी आणि हम्माली, आणि व्हाउचरमध्ये कागद टाइपचं एक फील्ड. जावाला हे कळतं. डेटाबेसला कळत नाही, कारण फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा आयडी ठेवणारा, डेटाबेसने तपासलेला कॉलम) एका वेळी एकाच टेबलाकडे बोट दाखवू शकते, आणि पुढचा सगळा तमाशा इथूनच सुरू होतो.

तक्रार काय असते

"दादा, रोजमेळातून व्हाउचर प्रिंट केलं की ट्रक नंबरची जागा कोरी येतेय, आणि तेच व्हाउचर बिल्टीच्या स्क्रीनवरून उघडून प्रिंट केलं की बरोबर येतंय." इतकं नीट सांगणारा ज्युनिअर मिळाला तर नशीब समजा, कारण सेठजींकडून येताना ते असं येतं, "भिया, ये कभी आता है, कभी नी आता." आणि मग पोरं प्रिंटर ड्रायव्हर बदलत बसतात.

आधी डेटा बघा. बिल्टीच्या टेबलात ती ओळ उघडा, एमपी ०९ वाला नंबर तिथे जसाच्या तसा बसलेला असतो. म्हणजे साठवण्यात गडबड नाही. मग प्रिंटचा कोड उघडा, तिथे असं काहीतरी सापडेल, व्हाउचरचा कागद इन्स्टन्सऑफ बिल्टी (म्हणजे बिल्टी क्लासचा) असेल तर ट्रक नंबर छापा, इन्स्टन्सऑफ विक्रीबिल असेल तर पार्टीचं नाव छापा, आणि नाहीतर काही नाही. त्या 'नाहीतर'मध्ये सगळं गुपचूप जाऊन पडतंय. एरर नाही, लॉगमध्ये लाल ओळ नाही, नुसती कोरी जागा. खरं तर सरळ कास्ट केलं असतं तर बरं झालं असतं, निदान क्लासकास्ट एक्सेप्शन तरी तोंडावर आलं असतं.

आता एक गोष्ट तपासा, गिटमध्ये जाऊन बघा की व्हाउचरमधलं ते मेनी-टू-वन (अनेक व्हाउचरं, एक कागद असं नातं) लेझी (लागेल तेव्हाच लोड होणारं) कधी केलं गेलं. जेपीएमध्ये (हायबरनेट पाळतो ते जावाचं स्टँडर्ड) मेनी-टू-वन काही न लिहिता ईगर (लगेच लोड होणारं) असतं, मग कधीतरी रोजमेळ हळू चालतोय म्हणून कोणीतरी लेझी लिहितं (आणि ते चूक नाहीये, प्रत्येक व्हाउचरामागे कागदाची एकेक क्वेरी मारत बसण्यात काही अर्थ नाही), आणि तक्रारी बहुतेक वेळा त्याच रिलीजनंतर सुरू झालेल्या असतात.

लेझी केल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे प्रश्न विचारायचीच गरज पडत नाही. व्हाउचरची ओळ वाचताना हायबरनेटच्या हातात फक्त कागदाचा आयडी असतो, समजा ४१. हा ४१ बिल्टी आहे की विक्रीबिल, हे त्याला माहीत नाही, माहीत करून घ्यायचं तर क्वेरी मारावी लागेल, आणि क्वेरी मारायची नाही म्हणूनच तर लेझी केलंय. मग तो काय करतो, फील्डवर जो टाइप लिहिलाय त्याचीच, म्हणजे कागदची, एक प्रॉक्सी बनवून बसवतो. ही प्रॉक्सी म्हणजे रनटाइमला तयार केलेला कागदचा सबक्लास. म्हणजे बिल्टीची ती भावंड झाली, लेक नाही. तिला इन्स्टन्सऑफ बिल्टी विचारलं तर उत्तर नाही असंच येणार, आणि महत्त्वाचं म्हणजे नंतर क्वेरी मारून खरा डेटा आत आला तरी उत्तर नाहीच येणार, कारण जावात एकदा तयार झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास बदलत नाही. "पण मी आधी इनिशिअलाइज केलं होतं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की काय सांगू. करा की, त्याने आतला डेटा भरतो, वरचा खोका तोच राहतो.

मग बिल्टीच्या स्क्रीनवरून बरोबर का येतं? कारण तिथे आधी बिल्टी स्वतः लोड झालेली असते, सेशनमध्ये (हायबरनेट लोड केलेले ऑब्जेक्ट जिथे लक्षात ठेवतो तिथे) ४१ नंबरचा खरा बिल्टी ऑब्जेक्ट हजर असतो, आणि मग व्हाउचर आलं की हायबरनेट म्हणतो, ४१ तर माझ्याकडे आहेच, हाच देतो. प्रॉक्सी बनतच नाही. म्हणजे तुमचा कोड बरोबर चालणार की नाही हे त्याच सेशनमध्ये आधी कोण काय लोड करून गेलंय यावर ठरतं. टेस्टमध्ये हे पकडलं जात नाही त्याचंही कारण हेच, टेस्ट त्याच सेशनमध्ये बिल्टी सेव्ह करते आणि त्याच सेशनमधून व्हाउचर वाचते, मग खराच ऑब्जेक्ट हातात येतो आणि टेस्ट हिरवी. सेव्ह केल्यावर फ्लश (डेटाबेसात लिहा) आणि मग क्लिअर (सेशन रिकामं करा), दोन्ही करा आणि परत वाचा, लगेच लाल होईल. अशी एक टेस्ट प्रोजेक्टमध्ये असलीच पाहिजे असं माझं मत आहे, बाकी कव्हरेजचे आकडे राहू द्या.

खात्री करायला दोन मिनिटं लागतात. इन्स्टन्सऑफच्या अगदी आधी गेटक्लासचं नाव लॉगमध्ये टाका. नावात हायबरनेटप्रॉक्सी असं शेपूट दिसलं तर निदान पक्कं. नुसत्या डिबगरवर विश्वास ठेवू नका, तो ऑब्जेक्ट उलगडून दाखवताना आतला खरा बिल्टी पण दाखवतो, आणि माणसाला वाटतं सगळं ठीकच आहे. लॉगमध्ये एचएचएच०००१७९ नंबरची नॅरोइंग प्रॉक्सी अशी वॉर्निंग येत असेल तर तीही याच घराण्यातली, आधी कागद म्हणून प्रॉक्सी दिलेली होती आणि आता कोणीतरी तोच आयडी बिल्टी म्हणून मागितला. तिकडे दोन बरोबरच्या चिन्हांची तुलना फसू शकते असं ती वॉर्निंग स्वतःच सांगते, पण वॉर्निंग वाचतो कोण.

उपाय, माझ्या पसंतीच्या क्रमाने

इन्स्टन्सऑफ काढूनच टाका. कागदमध्ये एक ॲब्स्ट्रॅक्ट मेथड ठेवा, समजा छपाईची ओळ, आणि बिल्टी, विक्रीबिल, हम्माली आपापलं उत्तर देतील. प्रॉक्सीवर मेथड कॉल झाली की ती आतल्या खऱ्या ऑब्जेक्टकडे जाते, मग तिथे बिल्टीचीच मेथड चालते. प्रॉक्सी आहे की नाही याने काही फरकच पडत नाही. कोणी म्हणेल छपाईचं लॉजिक एंटिटीत कशाला, ठीक आहे, मग व्हिजिटर करा, कागदमध्ये फक्त एक स्वीकार मेथड आणि छपाई बाहेर. थोडा जास्त कोड लिहावा लागतो पण चौथा प्रकार आला, समजा गोदामाचं भाडं, तर कम्पायलर स्वतः ओरडून सांगतो की इथे लिहायचं राहिलंय.

ते शक्य नसेल, कोड जुना आहे आणि डेडलाइन उद्या आहे, तर हायबरनेट डॉट अनप्रॉक्सी, ५.२.१० पासून तयार मिळतं. इन्स्टन्सऑफच्या आधी कागदावर ते चालवा. पण रोजमेळाच्या लूपमध्ये चालवलंत तर प्रत्येक व्हाउचरला एक क्वेरी, आणि लेझी ज्यासाठी केलं होतं ते पाण्यात. म्हणून रोजमेळाच्या क्वेरीत जॉइन फेच लावा, सगळे कागद एकदम येतील आणि साधारणपणे खऱ्या रूपात येतील. साधारणपणे अशासाठी म्हणतोय की त्या सेशनमध्ये आधीच प्रॉक्सी बनून बसली असेल तर जॉइन फेचसुद्धा तिच्यातच डेटा भरतो.

आणि फक्त बिल्टीचीच व्हाउचरं हवी असतील तर जावात आणून गाळू नका, जेपीए २.० पासून म्हणजे २००९ पासून क्वेरीत टाइप (प्रकार तपासायला) आहे, २.१ पासून ट्रीट (कागदाला बिल्टी धरून तिची फील्डं वापरायला) पण आहे, म्हणजे ट्रक नंबरवर सरळ क्वेरीतच कंडिशन लावता येते. लोकांना हे माहीतच नसतं बहुतेक.

एक छोटी गोष्ट याच्याच शेजारची: कागदच्या इक्वल्समध्ये गेटक्लासची तुलना असेल तर प्रॉक्सी आणि खरा ऑब्जेक्ट कधीच बरोबर ठरणार नाहीत. आणि तुलनेतल्या दुसऱ्या ऑब्जेक्टचा आयडी फील्डमधून सरळ वाचू नका, प्रॉक्सीचं फील्ड नल असतं, गेटर वापरा.

दुसरी तक्रार: भलताच कागद दिसतोय

ही वेगळी केस. इथे कोरं नाही, चुकीचंच येतं. हम्मालीच्या व्हाउचरवर कुठल्यातरी पार्टीचं बिल चिकटलेलं. असं दिसलं की व्हाउचरचं टेबल उघडा, बहुतेक असं असेल:

आयडी | रक्कम | कागद_प्रकार | कागद_आयडी
९०१ | १२५०० | विक्रीबिल | ४१
९०२ | ३२०० | बिल्टी | ४१
९०३ | ६५० | हम्माली | ४१

तीन टेबलं, तिघांचे आयडी आपापले १ पासून सुरू, म्हणजे ४१ तिन्हीकडे आहे. नुसता ४१ म्हणजे काही पत्ता नाही, ४१ नंबरचं घर रामबागेत पण आहे आणि लोकमान्य नगरात पण आहे. आणि कुठल्यातरी रिपोर्टवाल्याने हाताने एसक्यूएल लिहिताना फक्त कागद_आयडीवर जॉइन मारलेला असतो, प्रकाराची कंडिशन विसरून. ओआरएममधून (हायबरनेटसारख्या साधनातून) गेलात तर तो दोन्ही बघतो, पण रिपोर्ट ओआरएममधून जातातच कुठे. इंडेक्स पण प्रकार आणि आयडी दोघांवर मिळून हवा, नुसता आयडीवर नको.

या डिझाइनमध्ये डेटाबेसकडे फॉरेन की नाहीये. बिल्टी डिलीट केली तर व्हाउचर तसंच लोंबकळत राहतं, कोणी अडवत नाही. पायथनच्या जँगोमध्ये जेनेरिक फॉरेन की (तिथली प्रकार-अधिक-आयडीची जोडी) वापरली असेल तर समोरच्या मॉडेलवर जेनेरिक रिलेशन लिहिलंय की नाही यावर ठरतं, लिहिलं असेल तर डिलीट करताना जोडलेल्या ओळीही जातात, नसेल तर राहतात, आणि दोन्ही वेळा लोक म्हणतात हे काय झालं. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर दोन्ही वाईट.

प्रकाराच्या कॉलममध्ये नेमकं काय लिहिलं जातंय तेही बघून घ्या, कारण 'काल चालत होतं, आज नाही' वाल्या बऱ्याच केसेस तिथे सापडतात. लारावेल काही न सांगता नेमस्पेससकट पूर्ण क्लासचं नाव लिहितो, मग कोणी फोल्डर बदलून क्लास हलवला की जुन्या सगळ्या ओळी अनाथ. तिथे मॉर्फ मॅप (कुठलं छोटं नाव कुठल्या क्लासचं याची यादी) सक्तीचा करा आणि कॉलममध्ये आपलं छोटं नाव जाऊ द्या, आणि जुन्या ओळींवर एक अपडेट चालवायला विसरू नका. रुबीच्या रेल्सचं वेगळंच, तिथे सिंगल टेबल इनहेरिटन्स (बेस आणि सगळे सबक्लास एकाच टेबलात) असेल तर कॉलममध्ये बेस क्लासचं नाव जातं, सबक्लासचं नाही, मग सबक्लासच्या नावाने शोधणाऱ्याला शून्य ओळी मिळतात आणि तो म्हणतो डेटा उडाला. डेटा कुठेही उडालेला नाही. जँगोमध्ये नावाऐवजी कंटेंट टाइपचा आयडी जातो आणि तो आयडी प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळा असू शकतो, म्हणून स्टेजिंगचा डंप लोकलला लोड केला की व्हाउचरं भलतीकडे बोट दाखवायला लागतात, डंप काढताना नॅचरल फॉरेनचा ऑप्शन द्या.

हायबरनेटमध्ये हाच प्रकार-अधिक-आयडीचा मामला ॲनी नावाच्या ॲनोटेशनने होतो. तिथे २०२२ मध्ये ६ व्हर्जन आल्यावर जुनं ॲनीमेटाडेफ गेलं, त्याच्या जागी ॲनीडिस्क्रिमिनेटर आणि त्याच्या व्हॅल्यूंची वेगळी ॲनोटेशनं आली, तर स्प्रिंग बूट ३ वर नेताना कम्पाइलच होत नसेल तर तिकडे बघा. प्रत्येक व्हॅल्यू कुठल्या एंटिटीची ते हाताने लिहायचं असतं, म्हणजे क्लासचं नाव बदललं तरी डेटा सुरक्षित, ही त्यातली चांगली गोष्ट.

बाकी सटरफटर पण नेहमीचं

कागद मॅप्ड सुपरक्लास केलाय आणि त्याच्याकडे मेनी-टू-वन लावताय, तर हा एंटिटी नाही अशा अर्थाची एरर येणारच. मॅप्ड सुपरक्लास फक्त फील्डं वाटून घेण्यासाठी आहे, त्याच्याकडे असोसिएशन जात नाही.

टेबल-पर-क्लास (प्रत्येक सबक्लासचं आपलं पूर्ण टेबल) केलंय आणि आयडेंटिटी कॉलम (प्रत्येक टेबल आपापला नंबर देतं तो) ठेवलाय, तर हायबरनेट नकार देतो, आणि बरोबर देतो, कारण तिन्ही टेबलांमध्ये मिळून आयडी एकमेव हवा. सीक्वेन्स (सगळ्यांना मिळून नंबर देणारा एकच काउंटर) लावला तर चालेल, पण नुसता कागद मागितला की तिन्ही टेबलांची युनियन होते आणि बेसचं टेबलच नसल्यामुळे व्हाउचरवरून खरी फॉरेन की इथेही लागत नाही. मला हा पर्याय कधीच पटलेला नाही.

सिंगल टेबलमध्ये राँगक्लास एक्सेप्शन येत असेल, म्हणजे पार्टीमध्ये विक्रीबिलांची एक यादी आणि बिल्ट्यांची दुसरी यादी, दोन्ही त्याच पार्टी_आयडी कॉलमवर, तर डिस्क्रिमिनेटरऑप्शन्समध्ये (डिस्क्रिमिनेटर म्हणजे प्रकार सांगणारा कॉलम) फोर्स ट्रू करून बघा, बेस क्लासवर. यादी भरताना प्रकाराची कंडिशन लावली जात नाही म्हणून ते होतं.

मग करायचं काय

नवीन लिहीत असाल आणि हिशोबाचा डेटा असेल तर दोनच रस्ते बघा. प्रकार दोन-तीनच आहेत आणि वाढणार नाहीत, तर व्हाउचरमध्ये सरळ तीन कॉलम ठेवा, विक्रीबिल_आयडी, बिल्टी_आयडी, हम्माली_आयडी, तिन्ही नल चालणारे, तिन्हींवर खरी फॉरेन की, आणि एक चेक की तिघांपैकी नेमका एकच भरलेला हवा. पोस्टग्रेसमध्ये ९.६ पासून नमनॉननल्स फंक्शनने तो चेक एका ओळीत होतो. मायएसक्यूएलमध्ये व्हर्जन बघा, ८.०.१६ च्या आधीचं असेल तर चेक लिहिला तरी तो चुपचाप सोडून देतो, काही बोलत नाही. दिसायला बावळट वाटतं हे डिझाइन, ओओपीवाले (ऑब्जेक्ट-ओरिएंटेडवाले) नाकं मुरडतात, पण मुनीमजींचा हिशोब जुळतो आणि प्रॉक्सीचा प्रश्नही राहत नाही कारण प्रत्येक फील्डचा टाइप पक्का.

प्रकार वाढणार असतील तर कागदला स्वतःचं टेबल द्या, जॉइन्ड इनहेरिटन्स. कागदचा आयडी हाच बिल्टीचाही आयडी, आणि व्हाउचरची फॉरेन की कागदकडे. डेटाबेसला आता खरंच माहीत आहे की हे व्हाउचर कुठे जातंय. प्रॉक्सीची वर सांगितलेली काळजी मात्र इथे घ्यावी लागते. प्रकार-अधिक-आयडी मी फक्त अशा ठिकाणी ठेवतो जिथे ओळ अनाथ झाली तरी कोणाचे पैसे अडत नाहीत, ऑडिट लॉग, नोटिफिकेशन, टॅग वगैरे. तिथे उलट तेच बरं.

चालू प्रकार-अधिक-आयडीची सिस्टिम या दुसऱ्या, जॉइन्डच्या रस्त्यावर न्यायची असेल तर अडचण आयडींची आहे, तिन्हीकडे ४१, म्हणजे नवे आयडी द्यावेच लागणार. आधी मुनीमजींना विचारा की बिलावर छापलेला नंबर कुठून येतो. तो आयडीच असेल तर पहिल्यांदा बिलनंबर म्हणून वेगळा कॉलम करून त्यात कॉपी करा, नाहीतर जुन्या बिलांचे नंबर बदलतील आणि जीएसटीच्या वेळी सगळे तुमच्या टेबलाभोवती उभे राहतील. मग कागदचं टेबल बनवा, त्यात जुना प्रकार आणि जुना आयडी असे दोन तात्पुरते कॉलम, दोघांवर मिळून युनिक. तिन्ही टेबलांतून ओळी आत घाला, नवे आयडी आपोआप मिळतील. व्हाउचरमध्ये नवा_कागद_आयडी टाका आणि जुन्या जोडीवर जॉइन करून भरा. जिथे नलच राहिलं ती अनाथ व्हाउचरं, ती डिलीट करू नका, यादी काढून मुनीमजींना द्या, त्यांना बहुतेकांची गोष्ट तोंडपाठ असते (ही बिल्टी दुसऱ्यांदा बनवली होती, वगैरे). शेवटी बिल्टी, विक्रीबिल, हम्मालीचे आयडी आणि त्यांच्याकडे येणाऱ्या बाकी फॉरेन की बदला, आणि हे करताना सॉफ्टवेअर बंद ठेवा, रविवार बघा.

व्हाउचरवर नवी फॉरेन की लावताना पोस्टग्रेस असेल तर आधी नॉट व्हॅलिड म्हणून लावा, म्हणजे नव्या ओळी लगेच तपासल्या जातील आणि टेबल फार वेळ अडकणार नाही, मग मुनीमजींची यादी निस्तरली की व्हॅलिडेट चालवा. जुने दोन तात्पुरते कॉलम एक ऑडिट होईपर्यंत राहू द्या.